ध्वनीचे बदलते भिंग आणि ग्रामीण आरोग्य : चाकसूच्या निमित्ताने

विज्ञान व तंत्रज्ञानाची फळे तळागाळापर्यंत पोहोचावीत, हे आपल्या नियोजनाचे प्रारंभापासूनचे उद्दिष्ट राहिले आहे. मात्र एखादे तंत्र ग्रामीण भागात नेताना त्याची रचना, त्याचा खर्च आणि त्याचे सामाजिक परिणाम या तिन्ही बाजूंचा एकत्रित विचार फारसा होत नाही. वैज्ञानिक रचनेविषयी लिहितो, अर्थतज्ज्ञ खर्चाविषयी आणि समाजशास्त्रज्ञ परिणामांविषयी. प्रस्तुत लेखात ध्वनीच्या झोताला हवा तो आकार देणाऱ्या आणि तो हव्या त्या ठिकाणी एकवटणाऱ्या ध्वनिभिंगाचा या तिन्ही अंगांनी विचार केला आहे. उदाहरणासाठी राजस्थानातील चाकसू हे गाव निवडले आहे.

जयपूरहून टोंक व कोट्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, जयपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, चाकसू हे तहसिलीचे गाव लागते. भोवतालचा परिसर कोरडवाहू शेतीचा आणि पशुपालनाचा. या गावाची ओळख आहे ती शील की डुंगरी या टेकडीवरील शीतलामातेच्या देवस्थानामुळे. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य अष्टमीच्या, म्हणजे आपल्याकडील फाल्गुन वद्य अष्टमीच्या सुमारास येथे मोठा मेळा भरतो. आदल्या दिवशी शिजविलेले थंड अन्न मातेला अर्पण करून मुलाबाळांच्या आरोग्याची प्रार्थना केली जाते. ज्या रोगाला मराठीत आपण ‘देवी’ म्हणत आलो, त्या रोगाची ही देवता. लसीकरणाच्या व्यापक मोहिमेनंतर १९७७ मध्ये भारत देवीरोगमुक्त घोषित झाला. मुलांच्या रक्षणासाठी लोक जेथे शतकानुशतके येत आले, त्या परिसरात आज मातेच्या व बालकाच्या आरोग्याची भिस्त ज्या साधनांवर आहे, त्यांपैकी सोनोग्राफी हे एक प्रमुख साधन होय. आणि सोनोग्राफीचे मर्म आहे ध्वनीचे भिंग.

ध्वनीचे भिंग म्हणजे काय?

एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना प्रकाशाचा वेग बदलतो व त्यामुळे त्याची दिशा बदलते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. या अपवर्तनावरच चष्म्याचे व दुर्बिणीचे भिंग चालते. ध्वनीही याच नियमाने वळतो. १८५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल सोंडहाउस यांनी पातळ पडद्याच्या फुग्यात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ध्वनी एका ठिकाणी एकवटता येतो, हे दाखवून दिले. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे २६० मीटर असतो. त्यामुळे असा फुगा ध्वनीच्या दृष्टीने बहिर्वक्र भिंगासारखे काम करतो. याउलट, फुग्यात हायड्रोजन भरला, तर त्यातील ध्वनीचा वेग हवेतील वेगाच्या जवळजवळ चौपट असल्याने ध्वनी एकवटण्याऐवजी फाकतो.

येथे प्रकाश व ध्वनी यांत एक महत्त्वाचा फरक आढळतो. काचेत प्रकाश नेहमीच हवेपेक्षा मंद असतो. ध्वनी मात्र काही पदार्थांत भोवतालच्या माध्यमापेक्षा मंद, तर काहींत वेगवान असतो. पाण्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, शरीराच्या मृदू ऊतींत सरासरी १,५४० मीटर, सिलिकॉन रबरात सुमारे १,००० मीटर, तर ॲक्रिलिक प्लास्टिकमध्ये सुमारे २,७०० मीटर असतो. म्हणून रबराचे ध्वनिभिंग बहिर्वक्र असेल तर ध्वनी एकवटतो, आणि प्लास्टिकचे भिंग एकवटण्यासाठी अंतर्वक्र करावे लागते.

भिंग किती मोठे असावे, हे ध्वनीच्या तरंगलांबीवर ठरते. भिंगाचा व्यास तरंगलांबीच्या कित्येक पट असल्याखेरीज झोत नीट बांधला जात नाही. विवर्तनामुळे तो पसरून जातो. सेकंदाला १,००० कंपने असलेल्या, म्हणजे साधारण बोलण्यातील स्वरांच्या पट्ट्यातल्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते. तो एकवटायचा तर भिंग काही मीटर व्यासाचे हवे. पोटाच्या तपासणीसाठी मात्र सेकंदाला सुमारे ३५ लाख कंपनांचा श्राव्यातीत ध्वनी वापरतात. शरीरात त्याची तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, सुमारे ०.४४ मिलिमीटर असते. त्यामुळे मुठीत मावणाऱ्या साधनात भिंग बसू शकते. ध्वनिभिंगाचा खरा उपयोग मेळ्यातील ध्वनिक्षेपकापेक्षा रुग्णालयात प्रथम का झाला, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

बदलते भिंग

ठरावीक आकाराच्या भिंगाची नाभी ठरलेल्या खोलीवरच असते. शरीरात मात्र पित्ताशय एका खोलीवर, मूत्रपिंड दुसऱ्या आणि गर्भ तिसऱ्याच. यावर एक उपाय म्हणजे लवचीक पडद्यामागे द्रव भरून, तो कमीअधिक करून भिंगाची वक्रता बदलणे. परंतु व्यवहारात सर्वत्र रूढ झाला तो दुसराच उपाय, भिंगाचे काम वेळेच्या नियंत्रणाने करून घेण्याचा.

सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये, म्हणजे डॉक्टर रुग्णाच्या अंगावर फिरवितात त्या साधनात, दाबविद्युत स्फटिकाच्या बारीक पट्ट्या ओळीने बसविलेल्या असतात. त्यांची संख्या बहुधा १२८ किंवा त्याच्या आसपास असते. सर्व पट्ट्या एकाच क्षणी कंप पावल्या तर झोत सरळ जातो. कडेच्या पट्ट्या आधी आणि मधल्या थोड्या उशिरा कंप पावल्या, तर तरंगांची आघाडी वाटीसारखी वळते व ध्वनी एका बिंदूवर एकवटतो. एक उदाहरण घेऊ. पट्ट्यांच्या ओळीची रुंदी २० मिलिमीटर असून ध्वनी ५० मिलिमीटर खोलीवर एकवटायचा आहे. मधल्या पट्टीपासून नाभीचे अंतर ५० मिलिमीटर, तर कडेच्या पट्टीपासून ते सुमारे ५१ मिलिमीटर भरते. हे एका मिलिमीटरचे जादा अंतर कापण्यास ध्वनीला सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या सुमारे ०.६४ पट वेळ लागतो. कडेची पट्टी तेवढी आधी वाजवावी लागते. नाभी १०० मिलिमीटरवर न्यायची असेल, तर हा अवधी निम्मा, म्हणजे ०.३२ पट होतो. काच घासावी लागत नाही, रबर वाकवावे लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मंडलातील एक आकडा बदलला की भिंग बदलते.

परत येणारा प्रतिध्वनी ऐकताना ही सोय अधिकच उपयोगी पडते. १० सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास सेकंदाच्या दशलक्षांशाच्या सुमारे १३० पट वेळ लागतो. तेवढ्या अवधीत यंत्र आपली नाभी उथळ भागाकडून खोल भागाकडे सरकवीत नेते व सर्वच खोलींवरचे चित्र स्पष्ट मिळते. झोताची जाडी आवरण्यासाठी प्रोबच्या तोंडाशी सिलिकॉन रबराचे स्थिर भिंगही बसविलेले असते. म्हणजे एकाच प्रोबमध्ये जुने व नवे अशी दोन्ही भिंगे एकत्र नांदतात.

या क्षेत्रात संशोधन चालूच आहे. इंग्लंडमधील ससेक्स व ब्रिस्टल विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये विटांसारखे छोटे ठोकळे जुळवून ध्वनीचा झोत वळविणारे भिंग सादर केले. अशा १६ प्रकारच्या ठोकळ्यांतून हवी ती रचना सिद्ध होते. पुढे २०१९ मध्ये ससेक्सच्या गटाने अशा दोन भिंगांतील अंतर दुर्बिणीप्रमाणे कमीअधिक करून नाभी सरकविणारी रचना मांडली. अमेरिकेत २०१६ मध्ये हातांच्या कंपावरील उपचारासाठी मान्यता मिळालेल्या यंत्रात १,०२४ ध्वनिस्रोतांचे शिरस्त्राण असते. कवटीच्या जाडीनुसार प्रत्येक स्रोताचा क्षण बदलून, चिरफाड न करता मेंदूतील एका सूक्ष्म भागावर ध्वनीची उष्णता एकवटली जाते.

मुतखडा आणि यंत्राची जागा

ध्वनी एकवटून उपचार करण्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मुतखडा फोडणे. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे ख्रिस्तियान शौसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून आघाततरंग देऊन मूत्रपिंडातील खडा प्रथम फोडला. त्या यंत्रात लंबवर्तुळाकार परावर्तक होता आणि रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवावे लागे. पुढे सपाट विद्युतचुंबकीय स्रोतापुढे भिंग ठेवून आघाततरंग एकवटणारी यंत्रे आली आणि टाकीची गरज उरली नाही. अशा यंत्रातील भिंगाची नाभी बहुधा स्थिर असते. म्हणून क्ष-किरण किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने रुग्णालाच हलवून खडा नाभीवर आणतात. साधारणतः दोन सेंटिमीटरपर्यंतच्या खड्यांना ही पद्धत उपयुक्त ठरते. गरोदरपणात मात्र ती वर्ज्य आहे.

राजस्थान, गुजरात व महाराष्ट्राच्या उष्ण, कोरड्या पट्ट्यात मुतखड्याचे रुग्ण पुष्कळ आढळतात. घाम अधिक जातो, लघवी कमी व दाट होते आणि क्षार साचण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. मग प्रत्येक तालुक्याच्या गावी खडा फोडण्याचे यंत्र असावे काय? अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर नकारार्थी येते. यंत्राचा स्थिर खर्च फार मोठा, प्रत्येक रुग्णामागचा सीमांत खर्च तुलनेने अल्प आणि रुग्णाला ती सेवा आयुष्यात एकदोनदाच लागते. अशी सेवा मोठ्या लोकसंख्येमागे एका ठिकाणी ठेवणेच किफायतशीर ठरते. चाकसूच्या रुग्णाने त्यासाठी जयपूरला जावे, हेच योग्य. मात्र तेथील खर्च त्याच्या आवाक्यात असला पाहिजे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश झाला, याचे महत्त्व त्यात आहे.

चाकसूचे गणित

गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीचा हिशेब याहून निराळा आहे. ही गरज दुर्मिळ नव्हे, तर प्रत्येक गरोदरपणात उद्भवणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणाचे २४ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी किमान एक सोनोग्राफी व्हावी, अशी शिफारस केली. गर्भाचे वय, जुळी, वारेची स्थिती व काही जन्मजात व्यंगे यांची माहिती त्यातून मिळते. वार गर्भाशयाच्या मुखाशी असल्याचे आधी कळले, तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करण्याची व्यवस्था करता येते. ते न कळल्यास ऐन वेळच्या रक्तस्रावात चाळीस किलोमीटरचे अंतर जीवघेणे ठरू शकते.

आपल्याकडे ज्या संस्थेला ग्रामीण रुग्णालय म्हणतात, तिला राजस्थानात सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात. मैदानी प्रदेशात १,२०,००० लोकसंख्येमागे असे एक केंद्र, हा शासनाचा निकष आहे. राजस्थानच्या जन्मदराच्या आसपासचा, दर हजारी २३ जन्म हा दर गृहीत धरल्यास अशा केंद्राच्या कक्षेत वर्षाला सुमारे २,७६० जन्म होतील. प्रत्येक गरोदरपणात दोन तपासण्या धरल्या, तर ५,५२० तपासण्या होतात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरता रोजच्या १८ ते १९ तपासण्या येतात. प्रत्येकीला १५ मिनिटे दिली, तर हे काम साडेचार ते पावणेपाच तासांचे आहे. म्हणजे एक यंत्र पुरेसे असून ते पूर्ण क्षमतेच्या जवळपास वापरले जाईल. केंद्रात यंत्र असणे आर्थिकदृष्ट्या पूर्णतः समर्थनीय आहे.

खरी टंचाई आहे ती यंत्र हाताळणाऱ्या डॉक्टरांची. सामुदायिक आरोग्य केंद्रात शल्यचिकित्सक, भिषक्, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असे चार विशेषज्ञ असावेत, असा निकष आहे. क्ष-किरणतज्ज्ञ या चौघांत नाही. या चार पदांचीही ग्रामीण केंद्रांतील देशपातळीवरील तूट २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार सुमारे ८० टक्के होती. यंत्राच्या खरेदीसाठी तरतूद होते, पण रोजचे साडेचार तास देणारा प्रशिक्षित डॉक्टर मिळत नाही. परिणामी स्त्रीला जयपूरला जावे लागते. तिच्यासोबत घरचे एक माणूस जाते. दोघांची मजुरी बुडते आणि प्रवासखर्च वेगळाच. तपासणी मोफत असली, तरी तिची खरी किंमत कुटुंब मोजतच असते.

दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत प्रसूतिपूर्व तपासणी करणारे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले, ते ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठीच. मातामृत्यूंच्या आकड्यांत सुधारणा दिसते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००१-०३ मध्ये राजस्थानात दर लाख जिवंत जन्मांमागे ४४५ माता दगावत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ११३ वर आले. महाराष्ट्रात याच काळात ते १४९ वरून ३३ वर आले. या घटीत संस्थात्मक बाळंतपणे, रक्तपुरवठा, रस्ते व रुग्णवाहिका अशा अनेक गोष्टींचा वाटा आहे. केवळ सोनोग्राफीला तिचे श्रेय देता येणार नाही. तरीही ११३ आणि ३३ यांतील अंतर अजून किती काम उरले आहे, हे सांगण्यास पुरेसे आहे.

भिंगाची दुसरी बाजू

आता या तंत्राच्या सर्वांत गंभीर परिणामाकडे वळावयास हवे. जे बदलते भिंग वारेची जागा दाखविते, तेच गर्भाचे लिंगही दाखविते. १९९१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात देशात दर हजार मुलांमागे ९४५ मुली होत्या. २००१ मध्ये ९२७ आणि २०११ मध्ये ९१८ उरल्या. राजस्थानात हे प्रमाण ९१६ वरून ९०९ व पुढे ८८८ झाले. महाराष्ट्राची घसरण तर अधिक तीव्र म्हणावी लागेल : ९४६, ९१३ आणि ८९४. मातामृत्यू कमी करण्यात राजस्थानच्या पुष्कळ पुढे असलेले आपले राज्य मुलींच्या प्रमाणात मात्र त्याच्या पातळीकडे घसरत गेले. सुबत्ता, शिक्षण आणि रुग्णालयांची उपलब्धता वाढली की हा प्रश्न आपोआप सुटेल, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे व्यक्तीचा हिशेब आणि समाजाचे हित यांची फारकत होते. हुंडा, वारसा आणि म्हातारपणाचा आधार यांच्या रूढ कल्पनांनी कुटुंबाच्या दृष्टीने मुलीची ‘किंमत’ ठरविली जाते. पूर्वी निवडीचे साधन नव्हते. तंत्राने ते स्वस्त केले. मागणी रूढीची आणि पुरवठा यंत्राचा, अशी ही बाजारपेठ आहे. तिच्यात ज्या जीवाचे सर्वस्व पणाला लागते, त्याला तेथे आवाजच नसतो.

या पुरवठ्यावर कायद्याने निर्बंध घालण्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला. १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा हा देशातील या प्रकारचा पहिला कायदा होय. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. सेहत व मासूम या महाराष्ट्रातील संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर अंमलबजावणीला गती आली आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. प्रत्येक यंत्राची नोंदणी आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा ‘एफ’ नमुना सक्तीचा आहे. नोंदींतील त्रुटी हाही अपराधच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उचलून धरले. कायदा सोनोग्राफीला मनाई करीत नाही. मनाई आहे ती लिंगनिवडीला आणि गर्भाचे लिंग सांगण्याला.

जिल्हा पातळीवरचे अनुभवही उद्बोधक आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रातील प्रतिमांची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसविण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ही उपाययोजना वैध ठरविली. राजस्थानातही यंत्रांवर ‘ॲक्टिव्ह ट्रॅकर’ बसविण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. २००१ ते २०११ या दशकात कोल्हापुरातील मुलींचे प्रमाण ८३९ वरून ८६३ वर आले, तर बीडमध्ये ते ८९४ वरून ८०७ पर्यंत कोसळले. हा फरक केवळ उपकरणामुळे पडला, असे म्हणता येणार नाही. घसरण अटळ नसते आणि ती थांबविता येते, एवढे मात्र त्यावरून निश्चित म्हणता येते.

पुढील वाट

येथे भिंगाच्या रचनेचा आणि कायद्याच्या स्वरूपाचा संबंध लक्षात घ्यावयास हवा. नाभी स्थिर असलेले, उथळ भागासाठीचे साधन गर्भापर्यंत सहसा पाहू शकत नाही. बदलत्या भिंगाचे साधन मात्र पित्ताशय, हृदय, अपघातातील अंतर्गत रक्तस्राव आणि गर्भ हे सर्व पाहू शकते. एकाच साधनाचे इतके उपयोग होणे, हीच त्याची किफायत आणि हाच त्याचा धोका. आपली नियमनपद्धती यंत्र मोठे, महाग आणि एका जागी स्थिर असते, या गृहीतकावर उभी राहिली. आता संगणकी चिपवर ध्वनिस्रोत बसवून खिशात मावणारे प्रोब निघाले आहेत. यंत्र जसजसे लहान व स्वस्त होईल, तसतसा केवळ यंत्राच्या नोंदणीवर विसंबणारा कायदा अपुरा पडत जाईल.

या दृष्टीने काही सूचना विचारार्थ मांडाव्याशा वाटतात. पहिली, सामुदायिक आरोग्य केंद्रांना यंत्र मंजूर करताना प्रशिक्षित डॉक्टरांचे तास हाच नियोजनाचा पाया मानावा. २०१४ च्या नियमांनी एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद केली आहे. ग्रामीण सेवेतील डॉक्टरांना तीत अग्रक्रम मिळावा. दुसरी, देखरेखीचा भर यंत्राकडून तपासणीच्या नोंदीकडे न्यावा. यंत्र कोठेही असले, तरी त्यातील प्रत्येक वापराची नोंद आपोआप व्हावी, अशी अट उत्पादनाच्या वेळीच घालता येईल. तिसरी, केवळ उथळ भाग पाहू शकणाऱ्या प्रोबना वेगळे नियम लावता येतील काय, याचा तज्ज्ञांनी अभ्यास करावा, म्हणजे दूरच्या केंद्रांतील अन्य रुग्णांची अडचण होणार नाही. चौथी, जन्मनोंदणीतील मुलामुलींचे प्रमाण तालुकावार व मासिक स्वरूपात ग्रामसभेपुढे ठेवावे. दहा वर्षांनी येणारी जनगणना रोग कळविते, पण फार उशिरा.

पुरवठ्यावरचे नियंत्रण आवश्यक असले, तरी ते पुरेसे नाही. २२ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ मोहीम मागणीच्या बाजूला हात घालू पाहते. मुलीचे शिक्षण, तिच्या नावे मालमत्ता आणि तिला मिळणारा रोजगार यांनीच कुटुंबाचा जुना हिशेब बदलू शकेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ व २०१९-२१ च्या फेऱ्यांत राजस्थानातील जन्मावेळचे लिंगगुणोत्तर ८८७ वरून ८९१ झाले, तर महाराष्ट्रात ते ९२४ वरून ९१३ वर आले. नमुना सर्वेक्षणातील अल्प फरकांवरून ठाम निष्कर्ष काढू नयेत, हे खरे; परंतु महाराष्ट्राने निश्चिंत राहावे, अशी स्थिती निश्चितच नाही.

देवीरोगाच्या निर्मूलनात लस जितकी महत्त्वाची होती, तितकेच घरोघर जाऊन रुग्ण शोधणारे आरोग्यसेवकही महत्त्वाचे होते. ध्वनिभिंगाच्या बाबतीतही हेच लागू पडते. झोत कोठे एकवटायचा, हे इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवील. मात्र त्या झोतात दिसलेल्या गोष्टीचे काय करायचे, हे समाजालाच ठरवावे लागेल. चाकसूच्या स्त्रीला आपल्या गावात, प्रशिक्षित डॉक्टरकडून, मोफत व निर्धोक तपासणी मिळावी आणि तिच्या पोटातील मुलीला त्या तपासणीचे भय नसावे, ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साध्य करणे हे आपल्या आरोग्यनियोजनापुढील आव्हान आहे.